दोन खड्ड्यांमधली जमीन

४ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. पत्राच्या आरंभी 'विनंती विशेष' लिहिण्याची रीत आहे. या वेळी विनंती खरोखरच विशेष असल्यामुळे ती शेवटी करते. भौतिकशास्त्र फोनवर बोलू नये, बोलण्यात आकडे निसटतात, हा तुझा नियम मी पाळते आहे.

क्ष-किरण केंद्रात मला मिळालेले बहात्तर तास गेल्या आठवड्यात संपले. पहिल्या दिवशी ग्रॅफाइटचा कोरा नमुना यंत्रात ठेवला, किरणांची ऊर्जा दोनशे ऐंशी इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून पायरीपायरीने वर नेली आणि प्रत्येक पायरीवर ग्रॅफाइट किती किरण शोषून घेते ते टिपले. दोनशे पंच्याऐंशीवर पहिले शिखर उभे राहिले, दोनशे ब्याण्णववर दुसरे. या दोहोंच्या मध्ये, दोनशे सत्त्याऐंशीवर, तुझे शिखर यायला हवे होते. तिथे नुसता उतार आहे.

'तुझे' हा शब्द माझ्या हातून सहज उतरला. पुस्तकांत ते 'मधले शिखर' आहे, पण आपल्या घरात ते तुझेच आहे. तू ते शोधलेस त्याच वर्षी माझा जन्म झाला. बाबा अजूनही म्हणतात, "त्या वर्षी घरात दोघं जन्माला आली आणि तुझ्या आत्याला त्यातलं एकच आठवतं."

माझी अडचण तुला सांगायला नकोच, तरी लिहिते. माझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण म्हणजे तुझे शिखर पुन्हा मोजून दाखवणे. पुढची तीन प्रकरणे म्हणजे ग्रॅफाइटच्या थरांमध्ये लिथियम शिरले की ते शिखर कसे सरकते ते सांगणे. जे नाहीच ते सरकणार कसे? आमच्या गाइडनी आलेख दोनदा पाहिला आणि ते शांतपणे म्हणाले, "एक तर शिखर आण, नाहीतर ते त्यांना का मिळालं ते पुराव्यानिशी दाखव. दोन्ही जमणार नसेल तर माझी सही मागू नकोस." प्रबंध तीस जूनला द्यायचा आहे.

एक गोष्ट मात्र आनंदाची. लिथियमची वाफ दिल्यावर त्याच जागी एक लहान उंचवटा येतो, आणि लिथियम वाढवावे तसा तो वाढतो. हे अद्याप कोणी पाहिलेले नाही.

आता विनंती. माझे कुठे चुकले ते सांग. 'नाचता येईना अंगण वाकडे' एवढे लिहून पाठवू नकोस. नाचताना पाऊल कुठे पडायला हवे होते तेही लिही.

तुझी,
चिमटी

१५ जानेवारी

प्रिय चिमटी,

तुझे पत्र तीन वेळा वाचले. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. चार वर्षांची असताना तू खडेसाखरेचा खडासुद्धा दोन बोटांच्या टोकांनी उचलायचीस म्हणून तुझे हे नाव मी ठेवले. ज्याची बोटे अशी सावध, त्याची चूक मोठी नसते. ती शोधायची असेल तर मात्र पायापासून सुरुवात करू. तुला हे सगळे येते हे मी जाणते, पण येते असे गृहीत धरून चाललो की नेमके तिथेच ठेचकाळतो.

ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे एकावर एक रचलेले पातळ थर. प्रत्येक अणू म्हणजे एक इमारत समज. तळघरात दोन इलेक्ट्रॉन घट्ट दार लावून बसले आहेत. वर काही मजले भरलेले आहेत आणि त्यांच्याही वर रिकाम्या खोल्या आहेत. क्ष-किरण तळघरातल्या इलेक्ट्रॉनला उचलून रिकाम्या खोलीत नेतो. खोलीच्या उंचीइतकी ऊर्जा अचूक मिळाली तरच तो नेतो, आणि तेवढ्या ऊर्जेचे किरण शोषले जातात. म्हणजे शोषण कुठे वाढले ते पाहिले की, एकही खोली न उघडता, रिकाम्या खोल्या कोणत्या मजल्यावर आहेत ते कळते. पस्तीस वर्षे हे शिकवले, तरी प्रत्येक वेळी मला याचे नवल वाटते.

आता दारांकडे पाहा. दोनशे पंच्याऐंशीवरच्या खोल्यांची दारे थराच्या वर आणि खाली उघडतात. दोनशे ब्याण्णववरच्या खोल्यांची दारे थराच्या अंगाने, आडवी उघडतात. क्ष-किरणाचे विद्युतक्षेत्र एका ठरलेल्या दिशेत डोलते, आणि ते दाराच्या दिशेने डोलेल तरच आत शिरकाव होतो. म्हणून नमुना फिरवला की एक शिखर वाढते आणि दुसरे खाली बसते.

यावरून तुझ्याबाबत तीन शक्यता दिसतात. नमुना शिळा असेल: चिकटपट्टीने वरचा पापुद्रा सोलल्यापासून यंत्रात ठेवेपर्यंत किती वेळ गेला ते कळव. कोन चुकला असेल: नमुन्याची पट्टी दोन अंशांनी जरी कलली असेल तरी अशक्त शिखर हरवू शकते. किंवा पायऱ्या मोठ्या घेतल्या असतील आणि शिखर दोन पायऱ्यांमधून निसटले असेल.

आणि मुळात शिखर नसेलच तर? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तुझ्या ओळींमधून तो डोकावतो आहे. 'आत्याबाईला मिशा असत्या तर' या जातीचे प्रश्न विज्ञानात फार वेळ चालत नाहीत, कारण ते तपासता येतात. त्या काळी मलाही लोकांनी विचारले होते की हा कुठला मळ तर नाही. मी नमुना फिरवून दाखवला, आणि कोनाबरोबर शिखराची उंची बदलली. शिखर फिरले. मळाचे कण कसेही पडलेले असतात, त्यांची दारे दाही दिशांना उघडतात. नमुना कितीही फिरवा, मळ फिरत नाही. माझे शिखर फिरले. त्यावर सभागृहात टाळ्या झाल्या.

तिन्ही गोष्टी तपास आणि लिही. तुझ्या लिथियमच्या उंचवट्याबद्दल मन भरून आले. तो माझ्याच जागी उगवला हे आणखी छान.

तुझी,
आत्या

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तिन्ही तपासल्या. पापुद्रा सोलल्यापासून निर्वात कक्षात नमुना जाईपर्यंत साडेतीन मिनिटे. कोन दोन वेगवेगळ्या रीतींनी मोजला. चूक अर्ध्या अंशाहून कमी. पायऱ्या एक दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या, म्हणजे तुझ्या मोजमापात होत्या त्याच्या निम्म्या. दुसऱ्या एका गटाचे वापरायचे राहिलेले नऊ तास मागून घेऊन सगळे पुन्हा केले. शिखर नाही.

गाइडनी आता तारीख घातली आहे. एप्रिलच्या अखेरीपर्यंत त्यांना 'का'चे उत्तर हवे. प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांना हे कळले आहे, आणि मी आत गेले की त्यांचे बोलणे हवामानावर येते.

म्हणून एक प्रश्न विचारते. वाईट वाटून घेऊ नकोस. किरणांचा झोत स्वतः कमीजास्त होतो, म्हणून आपण नमुन्याच्या पुढे सोन्याची बारीक जाळी ठेवतो. झोतापैकी थोडा जाळीला लागतो, बाकीचा आरपार जातो. जाळीवरून कळते की झोत किती आला, आणि नमुन्याच्या आकड्याला जाळीच्या आकड्याने भागले की झोताचा चढउतार निघून जातो. सोने एवढ्यासाठीच की त्या ऊर्जेच्या आसपास त्याला स्वतःचे शिखर नाही. पण जाळीवर हळूहळू कार्बन बसतो. आमच्याकडे कार्बन मोजण्याआधी दर वेळी तिच्यावर सोन्याचा ताजा थर चढवतात.

तुझ्या वेळी जाळीवर सोने केव्हा चढवले होते? तुमच्या केंद्राच्या नोंदवहीत ते असेल. त्या दिवसाचे पान मिळेल का?

चिमटी

१६ फेब्रुवारी

चिमटीस,

जाळी ठीक होती. शोधनिबंधात मोजमापाची पद्धत दिली आहे, ती वाचावी.

नोंदवह्या केंद्राच्या स्थलांतरात गेल्या. बहुधा रद्दीत. सव्वीस वर्षांपूर्वीचे कागद माणसे उशाशी घेऊन झोपत नाहीत.

शिखर फिरले होते. या एका वाक्याला तू अद्याप उत्तर दिलेले नाहीस. त्याऐवजी तू जाळीकडे वळलीस. कोरा नमुना कोराच निघाला आणि लिथियमने मात्र तिथे उंचवटा दिला, असे ठरले तर शोध कोणाचा होईल, हे मला कळत नाही असे समजू नकोस. तुझ्या वडिलांना मी काही सांगितलेले नाही, पण ते विचारत होते की माझा आवाज का बसला आहे.

प्रकृतीला जप.

आत्या

२ एप्रिल

प्रिय आत्या,

सहा आठवडे तुला लिहिले नाही, कारण उत्तर हाती नव्हते. आता आहे. ते कोणत्याही अर्थी गोड नाही, म्हणून सरळ लिहिते.

केंद्रातल्या खणात एक जुनी जाळी सापडली. तिच्यावर कित्येक वर्षे सोने चढवलेले नाही. जिथे झोत पडतो तिथे तपकिरी डाग आहे. यंत्र पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, "टाकून द्यायची म्हणून ठेवली, टाकायची राहून गेली." ती मी मुद्दाम बसवली आणि तोच कोरा ग्रॅफाइटचा नमुना पुन्हा मोजला. दोनशे सत्त्याऐंशीवर शिखर आले. मी तुझा छापील आलेख त्यावर ठेवला. उंची तीच, जागा तीच.

कारण असे. डागातला कार्बन दोन ठिकाणी शोषून घेतो, दोनशे पंच्याऐंशीवर आणि दोनशे साडेअठ्ठ्याऐंशीवर. तिथे जाळीचा आकडा फुगतो. आपण त्या आकड्याने भागतो. भाजक फुगला की उत्तर खचते. म्हणजे आलेखात दोन खड्डे पडतात. पहिला खड्डा ग्रॅफाइटच्या मोठ्या शिखरात पडतो, म्हणून कोणाला दिसत नाही. दुसरा उतारावर पडतो. आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये जी जमीन जशीच्या तशी उरते, ती उंचवट्यासारखी दिसते.

आता तुझे वाक्य. शिखर फिरले होते, आणि मी नमुना फिरवला तेव्हा माझेही फिरले. तुझे म्हणणे बरोबर आहे की मळ फिरत नाही. मळ नमुन्यावर असता तर तो बेरजेसारखा वेगळा राहिला असता. पण तो भागाकारातून आला आहे. भागाकारातली चूक ज्या आकड्यावर बसते त्याच्याच चालीने चालते. दोनशे सत्त्याऐंशीवर ग्रॅफाइटच्या पहिल्या शिखराची शेपटी पसरलेली असते. नमुना फिरवला की ती शेपटी कमीजास्त होते, आणि तिच्यावर स्वार झालेला उंचवटाही तिच्याबरोबर. आत्या, ही युक्ती इतकी सुंदर आहे की तुझ्या जागी मीही फसले असते.

सगळे आलेख सोबत जोडले आहेत, कोरे आणि लिथियमचे, क्रमांकांसह. बाद केलेलेही काढलेले नाहीत.

गाइड म्हणतात, "आपल्या मळक्या जाळीनं काय होतं ते तू दाखवलंस. त्यांची जाळी मळकी होती हे कुठे दाखवलंस?" ते बरोबर आहेत. ते फक्त नोंदवहीच दाखवू शकते. बाबांना कळले आहे. ते परवा म्हणाले, "घरचं माणूस आहे. चूक असली तरी ती आपण दाखवायची नसते." मी त्यांना विचारले की मग कोणी दाखवायची.

मला तुझे शिखर नको आहे. ते पान हवे आहे. नसेल तर तसे पुन्हा एकदा लिही. मी मान्य करीन, आणि तीस जूनला माझ्याकडे देण्यासारखे काही नसेल.

तुझीच,
चिमटी

२० एप्रिल

प्रिय चिमटी,

नोंदवही माझ्या कपाटात होती. ती कधीच रद्दीत गेली नव्हती. फेब्रुवारीत मी तुला खोटे लिहिले. पानाची प्रत सोबत आहे, आणि मूळ वही तुझ्या गाइडकडे नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे.

त्या दिवशी काय झाले तेही क्रमाने सांगते. मला तीस तास मिळाले होते. पहिले एकोणीस यंत्राच्या बिघाडात गेले. अकरा उरले. आमच्या केंद्रात जाळी सांभाळणारे एक गृहस्थ होते. सोने चढवण्याचे काम त्यांचे, म्हणून आम्ही सगळे त्यांना सोनारकाका म्हणत असू. ते कक्षाच्या काचेतून पाहून म्हणाले, "मॅडम, जाळीला डाग पडलाय. सोनं चढवून देतो." सोने चढवायचे म्हणजे निर्वात कक्ष उघडणे, थर देणे, पुन्हा हवा उपसणे, आठ तास. मी म्हटले, पुढच्या वेळी. त्यांनी पुन्हा सांगितले. मी वहीत 'जाळी ठीक' असे लिहिले आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. माझ्या अक्षराखाली त्यांची सही तुला दिसेल. जाळीवर शेवटचे सोने पाच महिन्यांपूर्वीचे आहे, हे त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात आहे.

मला माहीत होते का? मला माहीत नव्हते, आणि माहीत करून घ्यायचेही नव्हते. या दोहोंत फार अंतर आहे असे मी स्वतःला बरीच वर्षे समजावले.

तुझे पत्र आल्यावर दोन दिवस मी ते उघडे ठेवून त्याच्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले, तुला खोटे पाडण्यासाठीच. भागाकार हाताने केला. एक्केचाळीस बिंदू. पंचविसाव्या बिंदूपाशी माझा हात थांबला आणि, खरे सांगते, मला आनंद झाला. 'ज्या आकड्यावर बसते त्याच्याच चालीने चालते.' असे वाक्य माझ्या एकाही विद्यार्थ्याने मला कधी लिहून दिलेले नाही.

पट्टी हातात होतीच, म्हणून तुझे बाकीचे आलेखही मोजले. आता नीट बसून वाच.

लिथियमचे आलेख तू लिथियमच्या प्रमाणाने लावले आहेस. ते तुझ्या यंत्राच्या घड्याळाने लाव. पहिल्या दिवशी लिथियम कमी, दुसऱ्या दिवशी अधिक, तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक; म्हणजे लिथियम आणि तास एकदमच वाढत गेले. तुझी जाळी पहिल्या दिवशी स्वच्छ होती. त्यानंतर बहात्तर तास तिच्यावर झोत पडत होता, आणि वाफ देताना दर वेळी कक्षातली निर्वात स्थिती बिघडत होती. क्रमांक सत्त्याण्णव पाहा. तो शेवटच्या दिवशीचा, लिथियम न दिलेला, कोरा नमुना आहे. समासात तू 'खराब नमुना' असे लिहून तो बाजूला टाकलास. त्यात लिथियमचा कण नाही, तरी दोनशे सत्त्याऐंशीवर उंचवटा आहे. त्याची उंची मी मोजली. क्रमांक पंच्याण्णवमध्ये, म्हणजे सर्वांत अधिक लिथियमच्या आलेखात, जेवढी, तेवढीच.

चिमटी, तुझे शिखरही माझ्याच घराण्यातले आहे.

हे न लिहिता पान तेवढे पाठवावे, असे एकदा मनात आले. तुझा प्रबंध झाला असता. पण तू मला बाद केलेले आलेखही पाठवलेस, आणि ते पाहून मी गप्प बसणे म्हणजे पुन्हा 'जाळी ठीक' लिहिणे झाले असते.

आत्या

८ मे

प्रिय आत्या,

तुझे पत्र आले त्या दिवशी मी ते फाडले. नंतर चिकटपट्टीने जोडले. या घरात चिकटपट्टीला तोटा नाही.

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की मनातल्या मनात तुला चार उत्तरे लिहिली. त्यातले सर्वांत सौम्य असे होते की स्वतः बुडणारा माणूस शेजाऱ्याचा पाय धरतोच. ते मी मागे घेते. तिसऱ्या दिवशी मी सत्त्याण्णव क्रमांक काढला. 'खराब नमुना' हे माझेच अक्षर. तो नमुना मी चिकटपट्टीने स्वतः सोलला होता. त्यात खराब काय होते ते त्या वेळी मी कोणाला विचारले नाही, कारण उत्तर मला नको होते.

आलेख घड्याळाने लावले. उंचवटा एका रेषेत चढत जातो, लिथियम असो वा नसो. प्रबंधातली तीन प्रकरणे गेली.

गाइडना सगळे एकदमच सांगितले: तुझी वही, माझा सत्त्याण्णव. त्यांनी वहीचे पान आणि सत्त्याण्णव शेजारीशेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "तीस जून विसर. आता तुझ्याकडे प्रबंध नाही, पण विषय आहे. जाळी किती तासांनी दगा देते ते मोज." मुदत आठ महिन्यांनी वाढली आहे. शिष्यवृत्ती वाढलेली नाही, म्हणून जूनपासून एका कॉलेजात प्रात्यक्षिके घ्यायला जाईन. बाबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "दोघींनी मिळून एकमेकींचं वाटोळं केलंत." मी म्हटले, हो, आणि अगदी पद्धतशीर केले. यावर ते हसले, डिसेंबरनंतर पहिल्यांदाच.

नियतकालिकाला टिपण पाठवायचे आहे: मधले शिखर नाही, आणि ते का दिसले. गाइड म्हणतात की तुझे नाव आधी असावे. मला वाटते माझे. भांडू नंतर. पण तिसरे नाव सोनारकाकांचे हवे, याबद्दल मी ऐकणार नाही. ती सही त्यांच्याकडून घेतली गेली हे लिहायला नको, पण त्यांनी डाग पाहिला होता हे लिहायला हवे. ते कुठे असतात? त्यांना विचारशील का?

तुझी,
चिमटी

२७ मे

प्रिय चिमटी,

नाव तुझेच आधी. यावर भांडण नाही. तपास तू केलास.

सोनारकाका सापडले. मुलीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मला वाटले होते की ते रागावतील, किंवा निदान मोठेपणाने क्षमा करतील. दोन्हींची तयारी करून गेले होते. त्यांनी चहा स्वतः केला, मग वहीच्या पानाची प्रत चष्मा पुसून वाचली. मी सांगितले की शिखर खोटे होते, डाग खरा होता, आणि तुम्ही बरोबर होतात.

त्यांनी प्रतीवरच्या आपल्या सहीवर बोट ठेवले. नंतर जे म्हणाले ते शब्दशः लिहिते. "मॅडम, मला तर वाटलं होतं मीच चुकलो. तुम्हाला एवढं मोठं शिखर मिळालं, टाळ्या झाल्या. मी म्हटलं, बरं झालं यांनी आपलं ऐकलं नाही. त्यानंतर मी कोणाला हट्ट केला नाही. लोक घाईत असायचे. विचारायचो, सोनं चढवू का. नको म्हणाले तर ठीक लिहायचो."

मी विचारले, किती वेळा.

ते म्हणाले, "ते वहीत असेल. मी खोटी तारीख कधी घातली नाही."

चिमटी, माझ्या चुकीचे टोक माझ्या निबंधापाशी आहे असे मी धरून चालले होते. ते तिथे नाही. मी एका माणसाची खात्री मोडली आणि निघून गेले, आणि तो मोडलेल्या खात्रीने आणखी सोळा वर्षे जाळी सांभाळत राहिला. टिपणात नाव घालायला त्यांनी हो म्हटले. दारापर्यंत आले तेव्हा एवढेच विचारले, की आता त्या लोकांना सांगणार कोण.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेले. फाटकावरच्या माणसाने मला ओळखले नाही, हे बरे झाले. जाळीच्या बाकीच्या नोंदवह्या तळमजल्यावरच्या खोलीत, रंगाच्या डब्यांमागे आहेत. आठ दिवस रोज जाऊन बसले. माझ्या त्या मोजमापाच्या आधी, कार्बन मोजायचा असेल तर त्याआधी सोने, या नियमाला एकही अपवाद नाही. नंतरच्या वर्षांत अठरा मोजमापे अशी आहेत की जाळीवर सोने नाही आणि पुढे 'ठीक' लिहिले आहे. अठरा गट. त्यांतले काही निबंध मी वर्गात शिकवले आहेत.

अठरांतले किती चुकले असतील मला ठाऊक नाही. काहींना डागाने काहीच फरक पडला नसेल. ते त्यांचे त्यांनाच तपासावे लागेल. आज पहिले पत्र लिहिले. ते गृहस्थ मला ओळखत नाहीत. सहा खर्डे झाले आणि सातवा पाकिटात घातला. त्यात एवढेच आहे: 'आपले मोजमाप चुकले आहे असे मी म्हणत नाही. परंतु ते ज्या दिवशी झाले त्या दिवशी जाळीवर ताजे सोने नव्हते, आणि ते नसण्याचे कारण मी आहे. वहीच्या पानाची प्रत सोबत आहे.'

उरलेली सतरा तुझ्या मोजमापाची वाट न पाहता पाठवते. किती तासांनी जाळी दगा देते तो आकडा मिळाला की लगेच कळव. त्यांना तो लागेल.

तुझी,
आत्या